क्रूझवर जाताय आणि फूड ॲलर्जी आहे? फक्त फॉर्म भरून काम का होत नाही?

समजा, क्रूझवरचा तुमचा हा पहिलाच तास आहे. मोठ्या बॅगा बंदरावरच दिल्यात. केबिन अजून तयार नाही, त्यामुळे सगळे प्रवासी वरच्या डेकवरच्या बुफेत आलेत. तुमची नऊ वर्षांची मुलगी भूक लागली म्हणून प्लेट घेऊन रांगेत उभी आहे. तिला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे आणि बुकिंग करताना तुम्ही ती नोंदवली होती.

कोशिंबिरीत दाण्याचं कूट आहे. त्या भांड्यातला चमचा कुणीतरी घाईत शेजारच्या पास्त्यात ठेवलाय. मुलगी पास्ता वाढून घेते.

आणि तिचं इंजेक्शन? ते बंदरावर दिलेल्या मोठ्या बॅगेत आहे.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण अशक्य मुळीच नाही. यात कुणी फार मोठी चूकही केलेली नाही. फॉर्म भरला होता, औषध सोबत आणलं होतं, पास्त्यात शेंगदाणे नव्हतेच. तरीही तिचा जीव धोक्यात आला. कारण फॉर्मवरची माहिती बुफेच्या रांगेपर्यंत पोहोचली नाही आणि औषध मुलीपर्यंत पोहोचलं नाही.

२०२१ मध्ये मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा मार्गांवर कॉर्डेलियाच्या क्रूझ सुरू झाल्या आणि 'क्रूझ म्हणजे श्रीमंतांची चैन' हे चित्र थोडं बदललं. सिंगापूर, दुबई किंवा युरोपातून क्रूझ पकडणारी मराठी कुटुंबंही आता दिसतात. अशा सहलीचं मुख्य आकर्षण असतं ते जेवण. पण घरात कुणाला तीव्र फूड ॲलर्जी असेल, तर सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते तीही जेवणाचीच. ती नेमकी कशी घ्यायची, ते समजून घेऊया.

'वावडं' आणि ॲलर्जी यात फरक काय?

मराठीत आपण सहज म्हणतो, "तिला वांग्याचं वावडं आहे." या एका शब्दात बरंच काही येतं. पदार्थ आवडत नाही, पचत नाही, अंगाला खाज येते, वैद्यांनी पथ्य सांगितलंय, काहीही. त्यामुळे 'थोडंसं खाल्लं तर काय होतंय' किंवा 'सवय झाली की जाईल' असे सल्लेही मिळतात.

तीव्र ॲलर्जी ही गोष्ट वेगळी आहे. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एखाद्या अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजते. ते प्रथिन पोटात गेलं की हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम रक्तात सोडली जातात. अंगावर गांधी उठतात, ओठ आणि घसा सुजतो, श्वासनलिका आवळते, रक्तदाब कोसळतो. शरीरभर पसरणाऱ्या या गंभीर रिॲक्शनला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ती काही मिनिटांत सुरू होऊ शकते, क्वचित तास-दोन तासांनीही. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

दुधाचं उदाहरण घ्या. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणं याला लॅक्टोज इनटॉलरन्स म्हणतात. त्यात पोट बिघडतं, त्रास होतो, पण जीवाला धोका नसतो. दुधाची ॲलर्जी ही दुधातल्या प्रथिनांची असते. 'लॅक्टोज-फ्री' दुधात साखर मोडलेली असते, प्रथिनं मात्र तशीच असतात. म्हणजे पहिल्या माणसासाठी सोयीचं असलेलं दूध दुसऱ्यासाठी धोक्याचं ठरतं.

जहाजावर हा फरक नीट सांगणं फार महत्त्वाचं आहे. "आम्हाला शेंगदाणे नकोत" असं सांगितलं, तर वेटर ती आवड-निवड समजून वरचे दाणे काढून प्लेट आणून देऊ शकतो. "शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे, त्याचा अंशही चालणार नाही" असं सांगितलं, तर स्वयंपाकघरात वेगळी प्रक्रिया सुरू होते. निदान व्हायला हवी.

हॉटेलपेक्षा जहाजावर धोका वेगळा का?

शहरात जेवताना काही झालं, तर रुग्णालय सहसा काही किलोमीटरवर असतं. समुद्रात तसं नसतं. जहाज बंदरापासून काही तासांवर असू शकतं. हेलिकॉप्टरने रुग्णाला हलवायचं, तर जहाज हेलिकॉप्टरच्या पल्ल्यात हवं आणि हवामानानेही साथ द्यायला हवी. ॲनाफिलॅक्सिसमध्ये हिशेब मिनिटांचा असतो. त्यामुळे जे करायचं ते जहाजावरच, हाताशी असलेल्या औषधांनी करावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जहाजाचा आकार. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब आहे. त्यावर २० डेक आहेत आणि पूर्ण भरल्यावर सुमारे ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी असतात. एवढ्या माणसांचं जेवण बनतं, तिथे एका मुलीची ॲलर्जी ही हजारो ऑर्डरींमधली एक चिठ्ठी असते.

तिसरी गोष्ट म्हणजे खाण्याचं वेळापत्रक. हॉटेलात आपण एकदा जेवतो. चार दिवसांच्या क्रूझवर नाश्ता, जेवण, संध्याकाळचं खाणं, आइस्क्रीम, पूलजवळचा स्नॅक बार, रूम सर्व्हिस असं मिळून वीसेक वेळा खाणं होतं. प्रत्येक वेळी वाढणारा माणूस वेगळा असू शकतो.

क्रूझ कंपन्या नेमकं काय करतात?

मोठ्या कंपन्या ॲलर्जी गांभीर्याने घेतात आणि त्यासाठी बऱ्यापैकी ठरलेली पद्धत आहे.

बुकिंगनंतर 'स्पेशल डाएट' किंवा 'स्पेशल नीड्स'चा फॉर्म भरून घेतात. तो सफरीच्या काही आठवडे आधी द्यावा लागतो, कारण जहाजाचा किराणा बंदरातून आधीच भरला जातो आणि समुद्रात ऐनवेळी सोया दूध किंवा अंड्याशिवायचा ब्रेड आणता येत नाही. तुमच्या कंपनीची मुदत किती, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

जहाजावर मुख्य डायनिंग रूम असते. तिथे टेबलावर बसून ऑर्डर द्यायची आणि वेटरने आणून वाढायचं, अशी पद्धत असते. ॲलर्जी असलेल्या प्रवाशांसाठी बहुतेक जहाजांवर हीच सगळ्यात भरवशाची जागा. अनेक ठिकाणी हेड वेटर रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशीचा मेनू आणून देतो. तुम्ही आदल्या रात्रीच पदार्थ निवडता आणि स्वयंपाकघर ते वेगळ्या भांड्यांत बनवतं. जहाजाच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. जहाजावर हा शब्द वारंवार कानावर पडेल.

पण कंपन्या एक गोष्ट स्पष्ट लिहून देतात. गॅलीमध्ये सगळेच पदार्थ बनतात, त्यामुळे अन्न शंभर टक्के ॲलर्जीमुक्त असेल अशी हमी त्या देत नाहीत.

म्हणजे फॉर्म हा संरक्षणाचा करार नाही. तो एक निरोप आहे. तो बुकिंग कार्यालयातून जहाजावर, जहाजावरून हेड वेटरकडे, हेड वेटरकडून शेफकडे आणि शेफकडून त्या दिवशी तुमची प्लेट लावणाऱ्या माणसाकडे पोहोचावा लागतो. या साखळीतली एक कडी निसटली तरी वरच्या सगळ्या कड्या निरुपयोगी ठरतात.

ही साखळी कुठे तुटते?

पहिलं ठिकाण म्हणजे चढण्याचा दिवस. बहुतेकांचं पहिलं खाणं बुफेत होतं आणि तोवर हेड वेटरची भेटही झालेली नसते. म्हणून त्या दिवशी घरून खाऊन निघा किंवा सीलबंद खाऊ सोबत ठेवा. जहाजावर गेल्यावर आधी हेड वेटरला किंवा रेस्टॉरंट मॅनेजरला भेटा. स्विमिंग पूल त्यानंतर.

दुसरं ठिकाण म्हणजे बुफे. चमचे आणि चिमटे एका भांड्यातून दुसऱ्यात जातात, पावाचे तुकडे पडतात, मुलं हाताने उचलतात. पदार्थासमोरची पाटी फक्त त्या पदार्थात काय घातलंय ते सांगते, त्यात नंतर काय पडलं ते सांगत नाही. बुफेतच खायची वेळ आली, तर तिथल्या सुपरवायझरला बोलवा आणि आतल्या, अजून न मांडलेल्या भांड्यातून वाढून द्यायला सांगा.

तिसरं ठिकाण कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे सॅनिटायझर. बुफेच्या दारात उभं राहून 'वॉशी वॉशी' म्हणत प्रवाशांच्या हातावर सॅनिटायझर फवारणारे कर्मचारी हे क्रूझवरचं ओळखीचं दृश्य आहे. ते जंतूंसाठी आहे. शेंगदाण्याचं प्रथिन म्हणजे जंतू नव्हे. सॅनिटायझर लावल्याने ते मरत नाही आणि हातावरून निघूनही जात नाही. त्यासाठी साबण-पाणी किंवा ओले वाइप्स लागतात. म्हणून जेवणाआधी मुलांना साबणानेच हात धुवायला लावा आणि टेबल आपल्याकडच्या वाइप्सने पुसून घ्या.

चौथं ठिकाण म्हणजे तळणीचं तेल. फ्रेंच फ्राइजमध्ये सहसा बटाटा आणि मीठच असतं, पण त्याच तेलात आधी कोळंबी किंवा अंड्याचं आवरण असलेलं काही तळलेलं असू शकतं. "फ्राइजसाठी वेगळा फ्रायर आहे का?" हा प्रश्न दर वेळी विचारा. तेल कोणतं, तेही विचारा. पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. अमेरिकेच्या लेबलिंग कायद्यात अशा तेलांना सूटही आहे. घाण्याच्या तेलात मात्र प्रथिन राहतं. आपल्याकडे घाण्याचं तेल 'शुद्ध' म्हणून मुद्दाम वापरलं जातं, हे लक्षात असू द्या.

पाचवं ठिकाण म्हणजे मुख्य डायनिंग रूमच्या बाहेरचं सगळं. वेगळे पैसे घेणारी रेस्टॉरंट्स, रात्रीची रूम सर्व्हिस, बारवर वाटीत येणारे दाणे आणि काजू, किड्स क्लबमधला वाढदिवसाचा केक, बंदरावर उतरून घेतलेलं खाणं. डायनिंग रूममध्ये दिलेली माहिती या सगळ्या ठिकाणी आपोआप पोहोचेल असं धरून चालू नका. किड्स क्लबमध्ये मूल सोडताना ॲलर्जी लेखी द्या आणि गरज पडली तर इंजेक्शन कोण देणार, हे तिथेच विचारा.

जहाजावर गोव्याचे, मुंबईचे, कोकणातले कर्मचारी हमखास भेटतात. आपली भाषा ऐकून बरं वाटतं. ओळख होते आणि "काळजी करू नका, मी बघतो" असं कुणीतरी मनापासून सांगतं. त्याच्या हेतूबद्दल शंका नाही. पण त्याची ड्युटी संपली की ते 'मी बघतो' पुढच्या वेटरला माहीत नसतं. म्हणून बोला मराठीत किंवा हिंदीत, पण लेखी कार्ड इंग्रजीत द्या, कारण गॅलीत अनेक देशांची माणसं काम करतात. कार्डावर जास्त मजकूर नको. ॲलर्जी कशाची आहे, अंशही चालणार नाही, वेगळी भांडी आणि स्वच्छ हात हवेत, एवढं पुरे. दर जेवणाला ते शेफपर्यंत जाऊन परत आलं पाहिजे.

हिरवा ठिपका पाहून निर्धास्त व्हायचं का?

भारतीय प्रवाशांसाठी शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आता अनेक क्रूझवर असते. त्यामुळे 'आम्ही शाकाहारी, आम्हाला काय धोका' असा समज होऊ शकतो.

हिरवा ठिपका फक्त अन्न शाकाहारी आहे एवढंच सांगतो. दूध, काजू, शेंगदाणे, तीळ, गहू, सोया हे सगळं शाकाहारीच आहे. उलट भारतीय शाकाहारी स्वयंपाकात या गोष्टी दिसत नाहीत अशा रूपात असतात. पंजाबी ग्रेव्हीत काजूची पेस्ट, भाजीत दाण्याचं कूट, वाटणात तीळ, डाळीवर तूप. उपासाची थाळी तर शेंगदाण्याशिवाय पूर्णच होत नाही.

परदेशी मेनूत हेच वेगळ्या नावांनी येतं. हमसमध्ये तिळाची पेस्ट असते. पेस्टो सॉसमध्ये काजू असू शकतात. साते सॉस शेंगदाण्याचा असतो. मार्झिपान म्हणजे बदाम. वूस्टरशायर सॉसमध्ये सहसा अँकोवी हा मासा असतो. युरोपात काही ब्रेडमध्ये लुपिन नावाच्या कडधान्याचं पीठ वापरतात आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही जणांना लुपिनचीही रिॲक्शन येते.

कोणत्या पदार्थांचा उल्लेख लेबलवर सक्तीचा आहे, हेही देशागणिक बदलतं. युरोपीय संघाच्या यादीत १४ ॲलर्जन आहेत. त्यात तीळ आणि मोहरी दोन्ही येतात. अमेरिकेच्या यादीत ९ आहेत. तीळ त्यात नववा आणि त्याचा नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. भारतात एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत ग्लुटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा समावेश आहे. तीळ आणि मोहरी त्यात नाहीत. म्हणजे तिळाची ॲलर्जी असलेल्या माणसाने युरोपातल्या क्रूझवरची सवय मुंबईच्या क्रूझवर वापरली तर गफलत होऊ शकते. यादीत नसलेल्या पदार्थाची ॲलर्जी असेल, तर तोंडाने विचारण्याला पर्याय नाही.

लेबलवर न लिहिलेल्या एका घटकाने काय होऊ शकतं, याचं उदाहरण जगभर चर्चेत आलं होतं. १७ जुलै २०१६ ला नताशा एडनन-लापेरूझ ही १५ वर्षांची ब्रिटिश मुलगी वडिलांसोबत लंडनहून नीसला विमानाने निघाली होती. तिला तिळाची ॲलर्जी होती. हीथ्रो विमानतळावर तिने एक सँडविच घेतलं. त्यावरच्या लेबलवर तिळाचा उल्लेख नव्हता आणि तीळ ब्रेडच्या कणकेतच मिसळलेले होते, त्यामुळे दिसतही नव्हते. विमानात तिला रिॲक्शन आली. वडिलांनी दोन इंजेक्शनं दिली. तरीही ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी दिलेल्या लढ्यानंतर ब्रिटनमध्ये 'नताशाज लॉ' आला. दुकानातच बनवून पॅक केलेल्या अन्नावरही सगळे घटक लिहिणं १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीचं झालं.

विमान आणि जहाज यात फरक आहे, पण साम्यही मोठं आहे. दोन्हीकडे रुग्णालय हाकेच्या अंतरावर नसतं.

रिॲक्शन आलीच तर काय करायचं?

ॲनाफिलॅक्सिसवर पहिलं औषध एकच, ते म्हणजे ॲड्रेनलिन. ते मांडीच्या मध्यभागी, बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात. सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीने खाज आणि गांधी कमी होतात, पण आवळलेली श्वासनलिका सुटत नाही आणि कोसळलेला रक्तदाब वर येत नाही. 'आधी गोळी देऊन बघू, फरक नाही पडला तर इंजेक्शन' यात जाणारा वेळ जीवघेणा ठरतो.

लक्षणं ओळखताना समुद्रावर एक खास अडचण येते. उलटी, पोटदुखी, चक्कर, गळून जाणं ही ॲनाफिलॅक्सिसची लक्षणं आहेत आणि बोट लागण्याचीही. शिवाय सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत अंगावर गांधी किंवा पुरळ दिसतच नाही. त्यामुळे 'बोट लागली असेल, केबिनमध्ये जाऊन पड जरा' असं म्हणून रुग्णाला एकटं सोडलं जाण्याची शक्यता असते. खाल्ल्यानंतर लगेच किंवा दोन तासांच्या आत उलटी झाली आणि सोबत खोकला, आवाज बदलणं, श्वासाला त्रास, सूज किंवा भोवळ असेल, तर बोट लागली असं समजू नका.

अशा वेळी करायच्या गोष्टी क्रमाने अशा:

पहिली, ॲड्रेनलिन लगेच द्या. ऑटो-इंजेक्टर कपड्यांवरूनही देता येतो.

दुसरी, रुग्णाला आडवं झोपवा आणि पाय थोडे वर ठेवा. श्वास घ्यायला जास्त त्रास होत असेल तर पाय पसरून बसू द्या. एकदम उभं करू नका आणि चालवू नका. रक्तदाब कमी असताना उभं राहिल्याने हृदय बंद पडल्याची उदाहरणं आहेत.

तिसरी, मेडिकल सेंटरला फोन करून टीमला तुमच्या जागी बोलवा. हे केंद्र सहसा खालच्या डेकवर असतं. रुग्णाला घेऊन लिफ्ट शोधत तिथवर जाऊ नका. आपत्कालीन क्रमांक जहाजागणिक वेगळा असतो. केबिनमधल्या फोनवर तो लिहिलेला असतो. पहिल्याच दिवशी तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

चौथी, पाच मिनिटांत फरक पडला नाही, तर दुसरा डोस द्या. म्हणूनच डॉक्टर दोन इंजेक्टर जवळ ठेवायला सांगतात.

बरं वाटलं तरी तपासणी टाळू नका. काही रुग्णांना काही तासांनी रिॲक्शनची दुसरी लाट येते. त्या रात्री रुग्णाला केबिनमध्ये एकटं ठेवू नका.

मोठ्या क्रूझवर डॉक्टर आणि नर्स असतात. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संस्थेने क्रूझवरच्या वैद्यकीय केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना केल्या आहेत आणि मोठ्या कंपन्या त्या पाळतात. ॲड्रेनलिन आणि ऑक्सिजन तिथे असतं. पण ती टीम तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंतची मिनिटं तुमच्या हातात असतात.

भारतात हे इंजेक्शन मिळतं का?

इथे आपल्या वाचकांची खरी अडचण सुरू होते. अमेरिका-युरोपात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ॲड्रेनलिनचा ऑटो-इंजेक्टर मिळतो. पेनसारखं दिसणारं हे उपकरण मांडीवर दाबलं की ठरलेला डोस आत जातो. भारतात तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. अनेक जण तो परदेशातून मागवतात आणि त्याची किंमतही मोठी असते. २०२४ मध्ये अमेरिका आणि युरोपात ॲड्रेनलिनच्या नाकात मारायच्या स्प्रेलाही मंजुरी मिळाली.

ॲड्रेनलिन हे औषध मात्र भारतात जुनं आणि स्वस्त आहे. ते काचेच्या छोट्या अँप्यूलमध्ये येतं. ऑटो-इंजेक्टर मिळत नसेल, तर काही डॉक्टर अँप्यूल आणि सिरिंज सोबत देतात आणि वजनानुसार किती औषध ओढायचं ते शिकवतात. घाबरलेल्या माणसाने हलत्या जहाजावर अँप्यूल फोडून अचूक डोस ओढणं सोपं नाही. म्हणून हे ॲलर्जीतज्ज्ञाकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, घरातल्या किमान दोघांनी शिका आणि निघण्याआधी सराव करा. डोस इंटरनेटवर वाचून ठरवू नका.

औषध कुठे ठेवायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. बंदरावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला काही तास लागतात, त्यामुळे औषध अंगावरच्या पिशवीतच हवं. त्यानंतरही ते केबिनच्या कपाटात नको, जिथे रुग्ण तिथे औषध. पूलजवळ उन्हात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका, ते खोलीच्या तापमानालाच टिकतं. सुया तपासणीत अडू नयेत म्हणून डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र जवळ ठेवा. एक्स्पायरीची तारीख परतीच्या दिवसानंतरची आहे ना, तेही पाहा.

खर्च आणि जबाबदारी कुणाची?

जहाजावरचे उपचार सहसा मोफत नसतात, बिल तुमच्या खात्यावर लागतं. हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर खर्च खूप वाढतो. देशातली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी परदेशी प्रवासात उपयोगी पडेलच असं नाही. प्रवास विमा घेताना ॲलर्जी हा आधीपासूनचा आजार म्हणून जाहीर करा. आजारामुळे जहाजावरून हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी विचारा. ॲलर्जी लपवून घेतलेला विमा ऐनवेळी नाकारला जाऊ शकतो.

तिकिटासोबतचा करारही वाचा. अनेक मोठी जहाजं बहामाज, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. अमेरिकी कंपन्यांच्या करारात दावा कुठल्या शहरातल्या न्यायालयात करायचा, हेही लिहिलेलं असतं. १९९१ मध्ये 'कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी अट वैध ठरवली. म्हणजे तक्रार खरी असली, तरी ती लढायला फ्लोरिडाला जावं लागू शकतं. नंतर दाद मागण्यापेक्षा आधी खबरदारी घेणं कितीतरी स्वस्त पडतं.

मग क्रूझला जायचंच नाही का?

तसं नाही. तीव्र ॲलर्जी असलेली माणसं क्रूझवर जातात आणि मजेत परत येतात. उलट एक गोष्ट क्रूझच्या बाजूने आहे. जमिनीवरच्या सहलीत रोज नवं हॉटेल, नवा ढाबा आणि नवा आचारी असतो. क्रूझवर त्याच डायनिंग रूममध्ये, त्याच टेबलावर रोज बसलात, तर तेच वेटर आणि तोच हेड वेटर तुम्हाला ओळखू लागतात. चार ठिकाणी चवी घेत फिरण्यापेक्षा एकाच जागी जेवणं कदाचित कंटाळवाणं वाटेल, पण त्यातच सुरक्षितता आहे.

मात्र ज्याला आधी ॲनाफिलॅक्सिस होऊन गेला आहे आणि ज्याच्याकडे ॲड्रेनलिनची काहीच सोय नाही, त्याने ती सोय होईपर्यंत लांबची सफर पुढे ढकलावी. आधी ॲलर्जीतज्ज्ञ, मग तिकीट.

सुरुवातीच्या प्रसंगातल्या मुलीकडे परत जाऊया. ती घरून पोळी-भाजी खाऊन आली असती, आईबाबा बुफेऐवजी आधी हेड वेटरला भेटले असते आणि इंजेक्शन तिच्या पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये असतं, तर तो चमचा कुठल्या भांड्यात होता याने काहीच बिघडलं नसतं. यातल्या एकाही गोष्टीला जास्तीचे पैसे लागत नाहीत. फक्त फॉर्म भरून झाल्यावर, "आता हे पुढच्या माणसाला माहीत आहे का?" हा प्रश्न दर जेवणाला, न लाजता विचारावा लागतो.